उत्तरपूजा राहिलेली जागा

आमच्या घराच्या पूर्वेकडील कुंपणभिंतीत एक लहानसे हिरवे फाटक आहे. मनुष्य जरा वाकून जाईल एवढेच. नवा पाहुणा ते पाहून हमखास विचारतो की हे उघडते कुठे. कारण पलीकडे घर नाही आणि रस्ताही नाही, केवळ एक मोकळा भूखंड आहे. त्यावर गवत माजते, पावसाळ्यात आघाडा उगवतो, उन्हाळ्यात सगळे वाळून पिवळे पडते. मी त्या पाहुण्याला सांगतो की हे शेजारच्या घरात जाण्याचे दार आहे. तो हसतो. म्हातारा थट्टा करतो आहे असे त्याला वाटत असावे.

कोथरूड त्या काळी शहराच्या कडेला होते. आम्ही काही शिक्षकांनी मिळून गृहरचना संस्था स्थापन केली, एका शेतकऱ्याचे ज्वारीचे रान विकत घेतले आणि त्याचे भूखंड पाडून आपसांत वाटून घेतले. माझे एक स्नेही त्याच शाळेत गणित शिकवत आणि मी संस्कृत. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा आमचे भूखंड दूर दूर आले होते. त्यांनी दुसऱ्या एका सभासदाशी अदलाबदल करून माझ्या शेजारचा मागून घेतला. माझे घर आधी उभे राहिले. भिंत घालताना ते स्वतः गवंड्याजवळ उभे राहिले आणि एवढी फट ठेवायला त्यांनीच सांगितले. दोन घरांमध्ये जाताना रस्त्यावरून जावे लागले तर तो परकेपणा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. फाटकाचा रंगही त्यांनीच पसंत केला होता.

त्यांच्या जागेचे भूमिपूजन मीच सांगितले. ते यजमान, मी पुरोहित. संकल्पात मी त्यांचे गोत्र उच्चारले, कुटुंबाच्या निवासासाठी येथे घर बांधतो आहे असे त्यांच्या तोंडून वदवले. ईशान्येच्या कोपऱ्यात शिळा ठेवली, तिची पूजा झाली, नैवेद्य झाला. नंतर उत्तरपूजेसाठी, म्हणजे बोलावलेल्या देवतेला निरोप देण्यासाठी, मी अक्षता हातात घेतल्या तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"थांबा शास्त्रीबुवा. वर्षभरात घर उभं राहतंय. आता निरोप द्यायचा आणि वास्तुशांतीला पुन्हा बोलवायचं, देवाला इतक्या खेपा कशाला? राहू दे त्याला इथंच. आम्ही येईपर्यंत जागेवर लक्षही राहील."

सगळे हसले. शास्त्राप्रमाणे आवाहन केलेल्या देवतेचे विसर्जन त्याच वेळी व्हायला हवे, हे मी जाणत होतो. परंतु कार्य पुरे होईपर्यंत देवता स्थापित ठेवण्याची चाल काही घराण्यांत आहे, आणि वर्षभराचाच प्रश्न होता. मी अक्षता परत ताम्हनात ठेवल्या.

ते घर झाले नाही. आधी त्यांची बदली झाली, मग आजारपणे आली, मग मुलगा शिकायला परदेशी गेला, तेथेच राहिला आणि कालांतराने त्याने आईवडिलांनाही नेले. ते जेव्हा जेव्हा पुण्यास येत तेव्हा थेट त्या जागेवर येत, पावलांनी खोल्या मोजत आणि येत्या हिवाळ्यात पाया घेऊ असे म्हणत. पुढे येणे थांबले, पण फोनवर ते वाक्य तसेच राहिले. दोन वर्षांपूर्वी एके दुपारी त्यांच्या मुलाचा फोन आला. त्याचा आवाज ऐकताच स्नेही गेले हे मी ओळखले.

देवता आवाहन करून बसवली की तिला पूजेवाचून ठेवता येत नाही. त्यामुळे भूमिपूजनाच्या दुसऱ्या दिवसापासून मी स्नान व घरची पूजा आटोपून त्या फाटकातून पलीकडे जात आलो. शिळेवर पाणी घालायचे, गंध, फूल, दूर्वा, दूधसाखरेचा नैवेद्य, नमस्कार. पत्नी होती तोवर ती फुलांची परडी फाटकातून माझ्या हाती देई आणि मी परत येईपर्यंत तेथेच उभी राही. ती गेल्यावर परडी मीच नेतो. मुलगी खराडीला राहते. एकाच शहरात असून तिचे येणे महिन्याकाठी होते, आणि त्याबद्दल तिला दोष देणे योग्य नव्हे. तिच्या नोकरीचे तास मला माहीत आहेत. माझ्या बरोबरीचे सभासद एकेक करून गेले किंवा मुलांकडे गेले. रोज जाऊन यावे असे एकच ठिकाण मला उरले होते, ते भिंतीपलीकडे. मी तेथे कधी कधी पूजा झाल्यावरही बसून राही आणि स्नेह्यांच्या दिवाणखान्यात बसलो आहे असे समजे. त्यांनी पावलांनी मोजून दाखवलेली खोली मला पाठ होती.

गेल्या वर्षी समोरचा रस्ता रुंद झाला आणि संस्थेकडे दोन अर्ज आले. एक माझ्या स्नेह्यांच्या मुलाचा, दुसरा कोपऱ्यावरच्या भूखंडाच्या मालकाचा. आमच्या संस्थेत हे दोनच भूखंड मोकळे उरले होते. संस्थेच्या मूळ अटीप्रमाणे प्रत्येक भूखंडाचा वापर केवळ राहण्यासाठी करायचा होता. ती अट या दोन जागांपुरती काढावी आणि तेथे दुकाने व कार्यालये बांधण्यास संमती द्यावी, अशी दोघांची विनंती होती. संस्थेने होकार दिला तरच प्रस्ताव महापालिकेकडे जाणार होता.

संस्थेचा सचिव माझ्या नातवाच्या वयाचा आहे. संगणकाच्या नोकरीतून मिळेल त्या वेळात तो हे काम निष्ठेने करतो. सभेच्या आधी तो मुद्दाम घरी आला, पाया पडला आणि खुर्चीच्या टोकावर बसला.

"आजोबा, प्रेशर काही नाही. पण सगळे तुमच्याकडे बघून व्होट करणार. फाउंडर मेंबर तुम्ही एकटेच उरलायत."

मी त्याला म्हटले की माझे मत सभेतच सांगेन. ते मत ठरलेले होते. त्या भूमीवर निवासाचा संकल्प सोडलेला आहे, देवता त्या संकल्पासाठी बसलेली आहे, आणि जो विधी अपुरा आहे त्याच्यावर दुकान उभे करता येत नाही. हा युक्तिवाद मी कित्येक दिवस मनात घासूनपुसून ठेवला होता. त्यात मला कोठेही छिद्र दिसत नव्हते.

सभा रविवारी सकाळी कार्यालयापुढच्या अंगणात खुर्च्या मांडून भरली. पुष्कळ खुर्च्या रिकाम्या राहिल्या, कारण पुष्कळ घरांना कुलपेच आहेत. काही सभासद परदेशातून मोबाइलवर ऐकत होते. आधी नेहमीचे मुद्दे झाले. एकाने गाड्या लावण्याचा प्रश्न काढला, दुसऱ्याने हॉटेलच्या तळणाच्या वासाचा. शिकवण्यांचे वर्ग आले तर पोरांच्या दुचाक्यांनी फाटके अडतील, असे कोणी म्हणाले. त्यावर मागून आवाज आला की फाटकातून बाहेर पडणारे तरी कोण उरले आहे.

मग सचिवाने माझ्याकडे पाहिले. मी उभा राहिलो आणि जे घासूनपुसून ठेवले होते ते सांगितले. आवाज स्थिर होता. बोलणे संपल्यावर दोनतीन माना अनुमोदनाने हलल्या. प्रस्ताव तेथेच पडला असे मला वाटले.

कोपऱ्यावरच्या भूखंडाचा मालक हा त्या मूळ शेतकऱ्याचा मुलगा. वडिलांनी रान विकताना तेवढा एक तुकडा स्वतःसाठी ठेवला होता आणि ते संस्थेचे सभासद झाले होते. आता त्याचेही केस पिकले आहेत. तो बसल्या जागेवरूनच नम्रपणे बोलला.

"गुरुजी, तुमचा शब्द मोठा हाय. मी काय त्याच्या फुडं न्हाई. पर हितं आमची ज्वारी हुती. आज्यानं पेरणीच्या वक्ताला हितंच नारळ फोडला आसंल. तुमची घरं झाली तवा त्या देवाला कुनी इचारलं का? त्यो गेलाच का न्हाई उठून?"

शेताचे पूजन आणि वास्तूचे पूजन यांतील भेद मी सांगू शकलो असतो. पण तोंड उघडण्यापूर्वीच समोरच्या बंगल्यातल्या वहिनी बोलल्या.

वहिनी या आमच्या एका दिवंगत सभासदाच्या पत्नी. त्या मुलींच्या शाळेत शिकवत होत्या. त्यांच्या बोलण्याला धार आहे आणि ती धार त्यांनी वयपरत्वे कमी होऊ दिलेली नाही. त्यांचा मुलगा बंगळूरला असतो. मागच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला, तेव्हा औषध आणायला कोणी नव्हते म्हणून त्या तशाच छत्री घेऊन हमरस्त्यापर्यंत गेल्या आणि वाटेत एका बंद फाटकाला धरून बसून राहिल्या. हे मला नंतर दूधवाल्याकडून कळले. मी समोरच राहतो. मला त्यांनी सांगितले नव्हते.

"शास्त्रीबुवा," त्या म्हणाल्या, "मला तुमच्याएवढं शास्त्र नाही कळत. मी स्वयंपाकघरातलं सांगते. पाहुण्याला बोलावलं, पाट मांडला, बसवलं. यजमान म्हणाला, आलोच, आणि गेला तो गेलाच. पान काही वाढलं नाही. तुम्ही रोज जाऊन त्या पाहुण्यापुढे पाण्याचा पेला ठेवता. तो बिचारा उठूही शकत नाही, कारण उठा म्हणायचं तुम्ही राखून ठेवलंय. ह्याला तुमच्यात काय म्हणतात?"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि हळू आवाजात एवढेच म्हटले की आपल्याला तेथे औषधांचे दुकान झाले तर हवे आहे, आणि संध्याकाळी समोर दिवे दिसले तरी पुरे.

मी सचिवाला म्हटले की मला पुढच्या रविवारपर्यंत वेळ द्यावा. सभा तहकूब झाली.

तो आठवडा मी ग्रंथ उघडले नाहीत, कारण त्यांत काय आहे ते मला ठाऊक होते. आवाहनानंतर विसर्जन आहे. पूजेचे जे उपचार आम्ही लहानपणी ओळीने पाठ केले त्यांत निरोप हाही एक उपचारच आहे. तो केला नाही तर सेवा वाढत नाही, अपुरी राहते. इतकी वर्षे मी त्या देवतेची सेवा करतो आहे असे मानत होतो. वहिनींच्या बोलण्यानंतर रोज सकाळी त्या शिळेवर पाणी घालताना मला संकोच वाटू लागला. देवतेला मी कोणासाठी थांबवून ठेवले होते? संकल्प करणारा यजमान निघून गेला होता. तो परत आला तर जागा सांभाळायला कोणी असावे, म्हणून आम्ही दोघे बसलो होतो, देवता आणि मी. तिची तरी त्यात काही इच्छा नव्हती.

बुधवारी मी स्नेह्यांच्या मुलाला फोन केला. उत्तरपूजा करायची आहे आणि यजमान म्हणून त्याला बसावे लागेल, असे सांगितले. तो म्हणाला की येणे शक्य नाही. मी म्हटले, फोनवर दिसेल. शास्त्र याला मान्यता देईल की नाही याचा मी फार विचार केला नाही; ज्याच्या वडिलांनी हात धरला होता त्यानेच तो सोडवावा, एवढे मला पुरेसे वाटले.

शनिवारी सकाळी वहिनी माझ्या अंगणात आल्या. फोन धरायला कोणी तरी हवे, म्हणून मीच त्यांना विनंती केली होती. इतक्या वर्षांत त्या हिरव्या फाटकातून त्या प्रथमच वाकून आत गेल्या. उंबऱ्याशी अडखळल्या आणि म्हणाल्या, "इतकं बुटकं दार! तुमचे मित्र गणिताचे ना?"

फोनमध्ये स्नेह्यांचा मुलगा दिसला. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ होती. त्याने पांढरा सदरा घातला होता आणि मेजावर वाटीत तांदूळ घेतले होते, कुंकू लावून. ते कुंकू त्याच्या आईचे असावे. गोत्र त्याला ठाऊक नव्हते. मी सांगितले, त्याने माझ्यामागून उच्चारले, दुसऱ्या खेपेस बरोबर उच्चारले. मग त्याने आजूबाजूला दाखवायला सांगितले. वहिनींनी फोन सावकाश फिरवला. गवत, आघाडा, कोणी टाकलेली प्लास्टिकची पिशवी, माझ्या घराची पूर्वेकडची बाजू, फाटक.

"काका, थांबा," तो म्हणाला. "ते हिरवं काय आहे?"

मी सांगितले.

तो म्हणाला, "लहानपणी मला वाटायचं की पुण्यात आमचं खरंच घर आहे. बाबा तसंच बोलायचे. मी विचारायचो, दार कसं आहे? ते म्हणायचे, हिरवं. मोठा झाल्यावर कळलं की घर नाहीये, तेव्हा मला वाटलं, दारही त्यांनी मनानंच सांगितलं."

"दार आहे," मी म्हटले.

वहिनी दुसरीकडे पाहू लागल्या आणि फोनमध्ये आम्हा सर्वांना आकाश दिसू लागले. मी त्यांना तो नीट धरायला सांगितले.

पूजा साधी झाली. पंचोपचार, दहीभाताचा नैवेद्य, आरती. मग अक्षता घेतल्या. त्याने तिकडे वाटीत सोडल्या, मी इकडे शिळेवर. हे देवते, ज्या कार्यासाठी तुला बोलावले ते आमच्याकडून झाले नाही. झालेल्या सेवेचा स्वीकार कर, उण्याची क्षमा कर आणि स्वस्थानी जा. पुन्हा येण्यासाठी जा, असे म्हणण्याचा प्रघात आहे. ते शब्द माझ्या मुखातून सवयीने निघाले आणि नंतर माझ्या लक्षात आले की ते मी स्नेह्यांना उद्देशून म्हटले.

विधीप्रमाणे शिळा किंचित उत्तरेकडे सरकवायची असते. ती सरकेना. इतक्या पावसाळ्यांत ती मातीत रुतून बसली होती. मी दोन्ही हात लावले, वहिनींनी फोन गवतावर ठेवला आणि त्यांनीही लावले. तरी हलली नाही. शेवटी घरातून खुरपे आणले, कडेची माती मोकळी केली, तेव्हा ती उचकटली. खाली पांढरी, कोवळी मुळे होती आणि ओलसर मातीचा चौकोन. गवतातून मुलाचा आवाज येत होता, "झालं का, काका? झालं का?" मी वाकून त्याला म्हटले की झाले.

"आता हा नुसता दगड ना?" वहिनींनी विचारले.

मी होय म्हटले.

"मग त्या फाटकाशी पायरी म्हणून लावा. पुढच्या वेळी पडायची नाही मी."

शास्त्रदृष्ट्या त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण त्यावर पाय ठेवणे माझ्याने होणार नव्हते. मी तो भिंतीच्या कडेला ठेवला.

दुसऱ्या दिवशी सभेत मी उभा राहून एवढेच म्हटले की त्या जागेचा विधी पूर्ण झाला आहे आणि माझी हरकत नाही. काही जणांना आश्चर्य वाटले. एकाने दबक्या आवाजात शेजाऱ्याला विचारले की म्हाताऱ्याला काय मिळाले. ठराव संमत झाला. कोपऱ्यावरच्या मालकाने येऊन माझ्या पायांना हात लावला आणि भूमिपूजनाला मीच यावे, असे म्हणाला. मी त्याला म्हटले की आता कोणा तरुण गुरुजींना बोलव, आणि उत्तरपूजा त्याच दिवशी करून घे.

प्रस्ताव महापालिकेकडे गेला. तेथे हरकती मागवतात, सुनावणी होते, शेरे पडतात. सचिव अधूनमधून येऊन सांगतो की फाइल पुढे सरकली आहे. औषधांचे दुकान अद्याप नाही, दिवेही नाहीत. वहिनींच्या औषधांची यादी आता माझ्याकडे असते. दोघांचीही औषधे आणायला मी आठवड्यातून एकदा सावकाश चालत हमरस्त्यापर्यंत जातो. त्या पैसे मोजून हातात देतात आणि उशीर झाला तर टोमणा मारतात. त्यापलीकडे आमचे फारसे बोलणे होत नाही.

भूखंड तसाच आहे. गवत वाढते. शिळेच्या जागी काही दिवस मातीचा चौकोन दिसत होता, नंतर तोही हिरवा झाला. आधी ती जागा मला मोकळी वाटत नसे. तेथे कोणी तरी बसलेले असे आणि कोणी तरी यायचे असे. आता ती कागदोपत्री लिहिली आहे तशी, रिकामी आहे.

आजही स्नान आणि घरची पूजा आटोपल्यावर एक फूल परडीत उरले. किती फुले लागतात हे हाताला कित्येक वर्षांचे ठाऊक आहे, हात अजून एक जास्त तोडतो. मी परडी घेऊन फाटकापाशी गेलो, कडी काढली, वाकलो. समोरच्या गच्चीत वहिनी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी तेथूनच विचारले, "काय हो, सकाळी सकाळी कुठे निघालात?"

"कुठे नाही," मी म्हटले, आणि कडी परत लावली.